डबल टायर लावायच्या आधी, बायो

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला मेलं झोपच येईना. सासऱ्यांची जुनी महिंद्रा एफसी पुन्हा रस्त्यावर आणायची, मागे डबल टायर लावायचे, आणि यंदाच्या हापूसच्या पहिल्या पेट्या तिच्यातूनच न्यायच्या, हे सगळं तू एका दमात सांगितलंस. मग शेवटी बारीक आवाजात, "ताई, स्पेसर मागवून ठेवलेत गं. चुकलं का?"

खरं सांगू का, चुकलं. पण अजून पाकीट फोडलेलं नाहीस ना? मग काही बिघडलेलं नाही. ते आधी परत पाठव, मग चहा टाक आणि निवांत वाच.

गाडीत जीव गुंतलाय ते मला कळतं. नाक नसलेली, सपाट तोंडाची ती एफसी आमच्या लहानपणी गावात आली की आम्ही पोरं मागे धावायचो. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलिस जीपवाल्यांची, महिंद्राने ती आपल्याकडे 1965 पासून बनवली. तुमच्या खळ्यात ती इतकी वर्षं उभी आहे की हौद्यात कोंबडी अंडी घालते, हे तूच मला सांगितलंस. आणि गंमत बघ, मागे डबल टायरची एफसी खरोखरच होती! तिकडे विलिसने या गाडीची थोरली बहीण काढली होती, एफसी 170, आणि तिच्यातल्या एका प्रकाराला मागे चार चाकं होती. तेव्हा तुझं स्वप्न वेडगळ नाही. पण त्यांनी जुन्याच गाडीला चार टायर चिकटवले नव्हते गं. खालचा मागचा एक्सलच वेगळा आणि दणकट घातला होता. सगळी मेख तिथेच आहे.

आधी टायरचं बघू. दुकानात टायर घेताना त्याच्या बाजूवर 104/102 असे काही आकडे दिसतील. पहिला आकडा टायर एकटा असताना किती वजन पेलतो त्याचा, दुसरा जोडीत असताना किती पेलतो त्याचा. 104 म्हणजे 900 किलो, 102 म्हणजे 850. म्हणजे जोडीत आल्यावर प्रत्येकाची ताकद थोडी कमीच धरतात. (संसारात उलटं असतं म्हणतात. मला तसा अनुभव नाही.) कमी का, तर दोघांवर वजन कधीच अगदी सारखं पडत नाही, आणि आतल्याला वाराही कमी लागतो. तरी हिशेब कर: दोन टायर असले तर 1800 किलो, चार असले तर 3400. हा आकडा बघूनच माणूस फसतो. टायर 3400 पेलायला तयार झाले, पण एक्सलला कोणी विचारलं का? स्प्रिंगच्या पाट्यांना? चेसीला? आणि आंबा घाट उतरताना तेवढं वजन थांबवणाऱ्या ब्रेकांना?

आता उद्या सकाळी एक काम कर. गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवी बस आणि अगदी मधोमध बघ. मधली टोपी काढल्यावर आत एकच मोठा नट आणि त्याला अडकवलेली कॉटर पिन दिसली, तर तुझ्या एक्सलचा दांडाच गाडीचं वजनही पेलतो आणि चाकही फिरवतो. जुन्या बऱ्याचशा जिपांना असाच असायचा. मात्र मधून एक जाड बोंड बाहेर आलेलं असेल आणि त्याच्या कडेने बोल्टांचं कडं असेल, तर वजन बाहेरच्या नळीवर आणि बेरिंगांवर आहे, आतला दांडा नुसता फिरवायचं काम करतो. याला फुल फ्लोटिंग म्हणतात. असा दांडा तुटला तरी चाक जागेवर राहतं. पहिल्या प्रकारात दांडा तुटला की चाक दांड्यासकट निघून पुढे पळतं. हातखंब्याच्या उतारावर स्वतःच्याच गाडीचं चाक आपल्याला ओव्हरटेक करताना बघायचं नसेल, तर आधी हे बघ.

आणि स्पेसर का नको, तेही सांगते. स्वयंपाकघरातून दोन खोलगट थाळ्या घे आणि तळाला तळ लावून धर. डबल टायरची चाकं अशी बसतात. त्यांच्या डिस्क मुद्दाम खोलगट असतात, म्हणजे दोन टायरांच्या मधे हवी तेवढी फट राहते आणि वजन हबच्या बेरिंगांच्या आसपास पडतं. तुझ्या एफसीची साधी चाकं इतकी खोलगट नाहीत. ती दोन एकाला एक लावली तर टायर टायरला घासणार. मग घासू नये म्हणून मधे स्पेसर, आणि स्पेसर घातला की बाहेरचा टायर आणखी बाहेर. भरलेली कळशी कमरेवर घेऊन तू विहिरीपासून घरापर्यंत आरामात येतेस, हो ना? तीच कळशी हात लांब करून धरून चार पावलं चालून दाखव. तुझ्या खांद्याचं जे होईल तेच त्या एक्सलचं होणार.

मग करायचंच असेल तर कसं? दुसऱ्या, जड गाडीचा अख्खा मागचा एक्सल घ्यायचा, हब, ड्रम, ब्रेक सगळ्यासकट. त्याच्या दातांचं प्रमाण पुढच्या गिअरबॉक्सशी जुळतं का ते बघायचं, नाहीतर गाडी तिसऱ्यातच रडत बसेल. पाट्यांची बैठक नव्याने, प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा, मडगार्ड रुंद. हे जमवणारे मिस्त्री आपल्याकडे आहेत, हात सोन्याचे आहेत त्यांचे. पण सोन्याच्या हाताने आरसी बुक बदलत नाही, बघ.

कागदाचं ऐक, जांभया देऊ नकोस. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. सीएनजी किटसारखे मंजूर बदल वेगळे. पण मालवाहू गाडीच्या नोंदणीत कुठल्या एक्सलला किती टायर, कुठल्या मापाचे, किती वजन, हे सगळं लिहिलेलं असतं. चाराचे सहा टायर झाले हे लपतं का गं? ते काय पोटातलं बाळ आहे तीन महिने झाकून ठेवायला? दरवर्षी फिटनेसला गाडी उभी केलीस की पहिल्या नजरेत दिसणार. बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जादा भार सापडला तर 20000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2000. आणि अपघात झाला तर विमावाला आधी त्याच टायरांवर बोट ठेवणार. म्हणून मिस्त्रीकडे जायच्या आधी आरटीओत जा, लेखी अर्ज दे, लेखी उत्तर घे. "आमच्या ओळखीचे आहेत तिकडे" असं कोणी म्हणालं की त्याला चहा पाजून वाटेला लाव.

घाबरलीस? नको घाबरू. मला तर डबल टायरबद्दल काहीसुद्धा माहीत नव्हतं आणि अख्खी सहा टायरांची गाडी गळ्यात पडली होती. आमची 407 आली तेव्हाची गोष्ट. टाटांनी ही गाडी 1986 मध्ये आणली. तेव्हा जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून बऱ्याच जणांनी छोटे ट्रक काढले होते, त्या सगळ्यांना ती पुरून उरली. आमची अर्थात दहाव्या हाताची. पहिल्याच महिन्यात आतला टायर बसला आणि मला पत्ताच नाही! बाहेरचा टणटणीत, गाडी उभी सरळ. मी आपली घाट चढतेय, आणि जळक्या रबराचा वास येतोय तर मला वाटतंय पुढच्या ट्रकचा. बाहेरचा एकटा दोघांचं ओझं वाहत होता. त्या दिवशी एका क्लीनर पोराने मला शिकवलं: रोज सकाळी लाकडी दांडक्याने आतल्या-बाहेरच्या दोन्ही टायरांना ठोकायचं. भरलेला टायर टण्ण म्हणतो, बसलेला भद्द. घागर वाजवून घेतेस तसंच. आणि आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला लांब नळी लावून घ्यायची, नाहीतर हवा तपासायला हात घालणं म्हणजे बरणीच्या तळाचं लोणचं काढणं.

दुसरी फजिती दगडाची. आपल्या बागांकडे जाणारे रस्ते जांभ्याचे. एक दगड दोन टायरांच्या मधे असा रुतून बसला की मी पावस गावापर्यंत आले तरी टक टक टक चालूच. मी आवाजाचा दोष बेरिंगला दिला आणि फुकट बेरिंग उघडायला लावलं. तो दगड टायर कापतो ते वेगळंच, पण सुटला तर मागच्या स्कूटरवाल्याच्या कपाळात जाईल. बागेतून डांबरी रस्त्यावर आलीस की गाडी थांबवून उतरायचं आणि मधे बघायचं. साडी असो नाहीतर ड्रेस, वाकायचं.

तिसरी सांगायला लाज वाटते. जुन्या बऱ्याच गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, विलिस जिपांचे तर होतेच. मला कुठे ठाऊक! एका गॅरेजवाल्याच्या आवारात मी पाना लावला, नट सुटेना, पान्याला नळी घातली, नळीवर उभी राहून उड्या मारल्या. स्टड मोडला. मी सोडवत नव्हते, आवळत होते. तुझ्या एफसीचा नट सुटला नाही तर उड्या मारायच्या आधी आटे बघ.

आणि हो, जोडीचे टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. दोरी घेऊन दोन्हींचा घेर मोज, दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक नको. मोठा असेल तो सगळा भार घेतो आणि छोटा नुसता घासत चालतो. काही घरांतल्या जावांसारखं. चाकं बसवल्यावर साधारण पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळायचे. हे कोणी आठवण करून देत नाही, म्हणून मी देतेय.

रुंदीचं तर मी बोललेच नाही. डबल टायरवाली गाडी मागून फुगते, आणि पुढच्या काचेतून पुढचीच रुंदी डोक्यात राहते. आमच्या शेजाऱ्यांच्या गडग्याचे चार चिरे मी असेच पाडलेत. त्यांनी ते अजून लावले नाहीत, मुद्दाम, मला दिसावेत म्हणून. तुमच्या वाडीची वाट तर आमच्याहून अरुंद. आणि पावसात रिकामी गाडी मागच्या चार टायरांवर हलकी पडते, शेवाळलेल्या चढावर मागचा भाग सटकतो.

आता मला खरं खरं सांग, तुला डबल टायर कशाला हवेत? आंब्यासाठी ना? मग बस हिशेबाला. पाच डझनाची पेटी, फळ अडीचशे ग्रॅमचं धर. साठ फळं म्हणजे 15 किलो, वर फळ्या आणि पेंढा. शंभर पेट्यांची नुसती फळंच दीड टन. तुझ्या बागेतून एका खेपेला किती पेट्या निघतात? गेल्या वर्षी तूच म्हणालीस, चाळीस म्हणजे डोक्यावरून पाणी. चाळीस पेट्यांची फळं 600 किलो गं! त्याला सहा टायर कशाला? आंब्याचा भार वजनाचा कमी आणि जागेचा जास्त असतो. तुला हौद्याला उंच फळ्या हव्यात, वर ताडपत्री हवी आणि पेट्यांना वारा लागायला फटी हव्यात. चांगले चार नवे टायर, नवे ब्रेक आणि पाट्यांची डागडुजी केलीस की आरसीत लिहिलंय तेवढं वजन ती एफसी रत्नागिरी शहरापर्यंत हसत आणेल.

आणि वाशीच्या मार्केटपर्यंत मोठी खेप मारायचीच असेल, तर त्या म्हातारीला तीनशेहून जास्त किलोमीटर दामटवू नकोस. चार बागायतदार मिळून एक जुनी 407 घ्या. तिला डबल टायर जन्मापासूनच आहेत, कागदावरसुद्धा. घेताना मला बोलव. मी दांडकं घेऊन येते.

मला माहीत आहे, तुला वाटत होतं मागे ते चार टायर दिसले की सासऱ्यांची गाडी कशी भारदस्त दिसेल. वाटू दे. मलाही वाटलं असतं. पण त्यांनी ती गाडी चार चाकांवर इतकी वर्षं चालवली आणि घर उभं केलं, तेव्हा तिच्या दिसण्याची काळजी तू करू नकोस. रंग मात्र त्यांनाच निवडू दे, तिथे मधे पडू नकोस.

तर उद्या सकाळी: स्पेसर परत, चाकाच्या मधला नट बघून त्याचा फोटो मला, आणि कपाटातून आरसी बुक बाहेर. जॅक लावशील तेव्हा खाली जाड फळी ठेव, तुमच्या खळ्यातली जमीन भुसभुशीत आहे. आणि हौद्यात डोकावून बघ, कोंबडी नुसती अंडी घालून उठतेय की उबवायला बसलीय. बसली असेल तर गाडीला एकवीस दिवस हात लावू नकोस. तोवर आरटीओचा अर्ज लिही.