कूलरचा हिशेब जूनमध्ये लागतो

होळी झाली की अकोला-अमरावतीत गच्चीवरून, जिन्याखालून, शेडमधून कूलर खाली उतरू लागतात आणि त्याच आठवड्यात मेकॅनिकचा फोन लागेनासा होतो. टाकीला भोक पडलेलं असतं, पंप जाम असतो, वायर उंदरांनी कुरतडलेली असते. हजार-दोन हजार खिशातून जातात आणि घरात निकाल लागतो की कूलर आता जुना झाला. बहुतेक वेळा तो जुना झालेला नसतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याला ओलाच बाजूला सारलेला असतो, एवढंच.

याला कारणही आपल्याकडचंच आहे. कूलर आवरायची वेळ म्हणजे मृगाच्या आगेमागे, आणि वऱ्हाडात तेव्हा घरातली माणसं कपाशी-सोयाबीन-तुरीच्या पेरणीत असतात. पैसाही बी-बियाण्यात अडकलेला. कूलरकडे बघतो कोण? पण या यंत्राचा खर्च वाचवायचा असेल तर तो मार्चमध्ये घासाघीस करून वाचत नाही, जूनमधल्या एका दुपारी वाचतो. पुढचे सगळे दर अंदाजाचे धरा. गाव, दुकान आणि महिना बदलला की ते बदलतात.

आधी हे यंत्र इथे टिकून का आहे ते पाहू. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि जिल्हा प्रशासनाला १४४ कलम लावून खासगी शिकवण्यांच्या दुपारच्या वेळा बंद कराव्या लागल्या. अशा दिवशी हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असली, तर बऱ्यापैकी गवत लावलेला कूलर ४५ अंशांची हवा ३० अंशांपर्यंत आणतो. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर नुसता पंखा ठरतो. विजेचं म्हणाल तर, २०० वॅटचा कूलर रोज १२ तास चालला की दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढचा टप्पा बराच महाग आहे. त्या टप्प्यात वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळून युनिटमागे १२ रुपये धरले तर महिन्याला साडेआठशेच्या वर जातात. दीड टनाचा एसी आठ तासांतच त्याच्या तिप्पट युनिट सहज खातो. म्हणून ज्यांच्याकडे एसी आला त्यांनीही कूलर भंगारात दिलेला नाही.

मिठाचं गणित

पत्र्याचा कूलर गंजतो तो पाण्यापेक्षा पाण्यातल्या क्षारांनी. कूलरमधून उडून जातं ते शुद्ध पाणी. क्षार मागे राहतात. समजा तुमच्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम क्षार आहेत आणि दिवसाला ६० लिटर पाणी उडतं. म्हणजे रोज ६० ग्रॅम क्षार गवतावर, पंपात आणि टाकीच्या तळाशी जमतात. ९० दिवसांच्या हंगामात ते ५ किलो ४०० ग्रॅम होतात. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हे सांगायला नको, त्यांचे कूलर एका हंगामात पांढरे पडतात. अकोल्यात काटेपूर्णेचं आणि अमरावतीत अप्पर वर्धेचं नळाचं पाणी मिळतं, त्यांची स्थिती बरी. पण नळ रोज येत नाही म्हणून बोअरची मोटर सुरू केली की तेही याच रांगेत आले.

उपाय फुकटचा आहे. दर आठ दिवसांनी टाकीतलं उरलेलं पाणी पूर्ण सोडून द्या. पाणीटंचाईत हे जिवावर येतं, पण ते पाणी अंगण धुवायला, शौचालयाला चालतं. झाडांना मात्र घालू नका, क्षार मातीत उतरतील.

गवताच्या निवडीतही हेच पाणी निर्णय करतं. वूडवूलचं गवत तीन बाजूंना बदलून घ्यायला २०० ते ३५० रुपये लागतात आणि ते एकाच हंगामाचं असतं. हनीकॉम्ब, म्हणजे कागदी मधाच्या पोळ्यासारखे जाड पॅड, आकारानुसार ९०० ते १,८०० रुपयांना संच. गोड्या पाण्यावर ते दोन-तीन हंगाम चालतात, हवाही चांगली थंड करतात, आणि विक्रेता हेच सांगून ते गळ्यात घालतो. खाऱ्या पाण्यावर त्यांची भोकं पहिल्याच उन्हाळ्यात बुजतात. खारपाणपट्ट्यात राहत असाल तर माझं मत सरळ आहे: दरवर्षी गवत बदला, पॅडच्या नादी लागू नका. वाळा सुगंधासाठी छान, पण नुसत्या वाळ्याच्या दाट ताट्या लावल्या की हवा अडते. गवताच्या आत वाळ्याचा पातळ थर दिला तर दीड-दोनशे रुपयांत हौस भागते.

आवरण्याची दुपार

पाऊस नक्की लागला असं वाटलं की लगेच आवरू नका. मृग कोरडा जाऊन पुन्हा आठ दिवस उकाडा होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. हवा दमट झाली आणि कूलर लावूनही अंग चिकचिकू लागलं, की समजा याचं काम संपलं. त्यानंतरचा उघडिपीचा, उन्हाचा दिवस धरा.

आदल्या रात्री पंप बंद ठेवून नुसता पंखा दोन-तीन तास चालवा, म्हणजे आतलं सगळं सुकतं. सकाळी पिन काढा. पिन काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाणी सोडा, जुनं गवत काढून फेका. पुढच्या वर्षी चालेल म्हणून ठेवलेल्या गवतात उंदीर आणि झुरळं संसार थाटतात. हनीकॉम्ब असेल तर धुऊन, कडक वाळवून, उभं करून ठेवा.

मग टाकी. तळ आणि विशेषतः पाण्याच्या रेघेच्या वरची कड ब्रशने घासून काढा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो ती याच कडेला, आणि ती अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. पुढच्या मार्चमध्ये पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. म्हणजे नुसती रिकामी टाकी म्हणजे स्वच्छ टाकी नव्हे. हंगाम चालू असतानाही आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायची ती याचसाठी, कारण अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात.

पांढरा थर काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत किंवा व्हिनेगर पाण्यात घालून अर्धा तास ठेवा, ३०-४० रुपयांत काम होतं. शौचालयाचं ॲसिड ओतू नका. थर जातो, पण पत्र्यावरचं जस्तही जातं आणि पुढच्या वर्षी तिथेच भोक पडतं. टाकी उन्हात वाळली की गंज तारेच्या ब्रशने खरवडा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या आणि आतून डांबरी काळा रंग लावा. दोन्ही रंग, ब्रश, टर्पेंटाइन मिळून ३०० ते ४५० रुपये, आणि ते दोन वर्षांना पुरतात. बारीक भोक असेल तर एम-सील ३०-५० रुपयांत बसतं. भोक रुपयाएवढं असेल तर पत्र्याचा तुकडा डाग देऊन लावणारा कारागीर १५० ते ३०० घेतो. तळ पूर्ण सडला असेल तर नवा तळ ८०० ते १,५०० पर्यंत जातो. तेव्हा जरा थांबून कूलरच्या वयाचा विचार करा.

पंप काढून व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, खालचं झाकण उघडून पंखुडीतले केस-गवत काढा, वाळवून खोक्यात ठेवा. मोटरच्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब द्या, पंखा हाताने फिरवून बघा, आणि मोटरभोवती सुती कापड गुंडाळा. कूलरवर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधायची आपली सवय चुकीची आहे. आतली वाफ आतच राहते आणि पावसाळाभर गंज चढत राहतो. जुनी साडी किंवा गोणपाट पुरे. चार विटांवर उचलून ठेवा, गच्चीवर नको. आणि खिडकीबाहेरचं लोखंडी स्टँड विसरू नका. ते वर्षभर उघड्यावर असतं, त्यावर शंभरभर किलोचा भरलेला कूलर बसतो, आणि त्याचे पाय सडलेत हे कोणी बघत नाही. त्यालाही त्याच डब्यातला रेड ऑक्साइड लावा. नवं स्टँड १,००० ते २,००० रुपयांना पडतं.

मार्चमध्ये पैसे कुठे जातात

एवढं केलं असेल तर हंगामाच्या सुरुवातीचा खर्च गवत आणि मजुरी इतकाच राहतो. मजुरी फेब्रुवारीत २०० ते ३०० आणि एप्रिलमध्ये ४०० ते ६००, वर आठवड्याची वाट. म्हणून महाशिवरात्रीच्या सुमारास कूलर काढून एकदा चालवून बघा. नव्या कंपनीच्या कूलरची वॉरंटी बहुधा बिलाच्या तारखेपासून एक वर्ष असते. मार्चमध्ये घेतलेला कूलर पुढच्या फेब्रुवारीत चालवून पाहिलात तर बिघाड फुकट दुरुस्त होतो, एप्रिलमध्ये पाहिलात तर पैसे मोजावे लागतात.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती मोटरमध्ये. पंखा घूं घूं करतो पण फिरत नाही, मेकॅनिक येतो आणि पाहता क्षणी सांगतो, “मोटर जयली भाऊ, नवीनच टाका.” नवी मोटर १,२०० ते २,५०० रुपये. पण मोटर आवाज करते आहे, जळका वास नाही आणि पिन काढल्यावर पाते हाताने मोकळे फिरते, तर बहुतेक वेळा गेलेला असतो तो कपॅसिटर, आणि तो मिळतो ५० ते १०० रुपयांना. आधी तो बदलायला सांगा. खरंच जळली असेल तर रिवाइंडिंगला ५०० ते ९०० लागतात. मात्र तार तांब्याची घालणार की ॲल्युमिनियमची, हे काम देण्यापूर्वीच विचारून बिलावर लिहून घ्या. जुन्या मोटरीतलं तांबं कोणाचं, हेही त्याच वेळी बोलून घ्या. पंप १५० ते ४०० रुपयांत येतो, तो दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह १०० रुपयांच्या आसपास. बिल मागितल्यावर दुकानदार कुरकुरला आणि पुढे वस्तू खराब निघाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण बिल नसेल तर तिथेही तुमची बाजू लंगडी पडते.

नवाच घ्यायचा तर स्थानिक बनावटीचा पत्र्याचा कूलर ५,००० ते ९,००० आणि कंपनीचा प्लास्टिकचा मोठा कूलर ९,००० ते १५,००० रुपये. प्लास्टिक गंजत नाही आणि शॉकची भीती कमी, पण पंखा लहान आणि सुटे भाग त्याच कंपनीचे. पत्र्याच्या कूलरचा प्रत्येक भाग गल्लीतल्या दुकानात मिळतो. मोठ्या खोलीला मी आजही पत्र्याचाच घ्यायला सांगेन. खरेदी पाऊस पडल्यावर करा, दुकानदाराला तेव्हा जागा मोकळी हवी असते. खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी विकत घेण्याच्या भानगडीत न पडता हंगामभर भाड्याने घेतलेला बरा. १,५०० ते ३,००० रुपयांत मिळतो आणि पावसाळ्यात ठेवायचा कुठे, हा प्रश्नच उरत नाही.

एक खर्च मात्र या सगळ्याच्या आधी करायचा. आपल्या भागात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात, त्यांत पाणी भरायला गेलेल्या बाया आणि खेळता खेळता हात लागलेली लेकरं असतात. पत्र्याच्या अंगाला अर्थिंगची तार जोडलेली असली पाहिजे आणि पिन तीन टोकांची. पण नुसती तार पुरत नाही. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळून इतकी कोरडी होते की अर्थिंगचा खड्डा निकामी होतो, म्हणून उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. नवा खड्डा करून घ्यायला २,५०० ते ५,००० रुपये लागतात. मेन बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवायला मजुरीसह २,००० ते ३,०००. गळती होताच तो सेकंदाच्या आत वीज तोडतो. यंदा पैसे एकाच कामाला पुरत असतील तर गवत, रंग, वाळा सगळं राहू द्या आणि हे करून घ्या. आणि पाणी भरताना आधी पिन काढा, मग पायात चप्पल घाला, मग पाइप हातात घ्या.