विजेची कणगी

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कामवारी नदीच्या काठी, शेलार हे गाव आहे. भिवंडीच्या परिसरातील इतर अनेक गावांप्रमाणे येथेही भाताच्या खाचरांशेजारी यंत्रमागांचे कारखाने उभे राहिले. मागांचा खडखडाट हा जणू या गावाचा श्वासोच्छ्वासच होय. तो इतका अखंड चालू असतो, की गावकऱ्यांच्या कानांना तो जाणवतही नाही. परंतु पावसाळ्यातील एखाद्या रात्री सोसाट्याचा वारा सुटतो, विजा कडाडतात आणि तो खडखडाट एकाएकी थांबतो. मग मात्र घरातील लहानथोरांना तत्काळ उमगते, की वीज गेली.

क्षणभर सर्वत्र अंधार पसरतो. तोच एखाद्या घरात दिवा पुन्हा लागतो, पंखा फिरू लागतो. सहामाही परीक्षेच्या अभ्यासाला बसलेली मुलगी पुन्हा पुस्तकात मान घालते आणि दम्याने बेजार झालेल्या आजीच्या उशाशी असलेले, औषधाची वाफ देणारे यंत्र पुन्हा गुरगुरू लागते. बाहेरच्या तारा तर मुक्या झालेल्या असतात. मग ही वीज येते कोठून? ती येते घराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या बॅटरीतून.

शेतकरी सुगीच्या दिवसांत भात कणगीत भरून ठेवतो आणि पुढे गरज पडेल तसे काढतो. बॅटरी ही विजेची कणगीच होय. तारांतून वीज येत असते तेव्हा ती भरते, आणि वीज गेली की रिती होऊ लागते. मात्र बॅटरीतील वीज एकाच दिशेने वाहते, तर घरातील पंखे व इतर उपकरणे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर चालण्यासाठी बनवलेली असतात. एका प्रकारच्या विजेचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. बॅटरी पुन्हा भरण्याचे कामही बहुधा तेच करते.

अशा कणगीची गरज महाराष्ट्राला चांगलीच ठाऊक आहे. २००५ च्या सुमारास राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता. गावोगावी दररोज कित्येक तास भारनियमन होत असे. त्या काळात दुकानांत, दवाखान्यांत आणि घरांत इन्व्हर्टर शिरले. पुढे वीजपुरवठा सुधारला, तरी गरज अगदीच संपली नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई या महानगरांतील वीज एकाएकी गेली. त्या बिघाडात कळवा व पडघा यांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या बंद पडल्या होत्या. पडघा हे गाव भिवंडी तालुक्यातच आहे. आगगाड्या जागच्या जागी थांबल्या. कोरोनाच्या साथीचे ते दिवस. रुग्णालयांत माणसे श्वासासाठी झुंजत होती. साठवलेल्या विजेचे मोल किती आहे, हे त्या सकाळी सर्वांना कळून चुकले.

वीज साठवण्याची ही विद्या फार जुनी आहे. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत अशा बेताने गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. त्यातून वीज सोडली की ती साठे, आणि हवी तेव्हा परत मिळे. पुन्हा पुन्हा भरता येईल असा हा पहिलाच विद्युत्‌घट होय. आज इन्व्हर्टरशेजारी जी जड, काळी बॅटरी दिसते ती याच घटाची वंशज आहे. तिच्यातील प्रत्येक घट सुमारे दोन व्होल्ट दाब देतो. असे सहा घट एका माळेत जोडले, की बारा व्होल्टची बॅटरी तयार होते.

या घटात एक पट्टी शिशाची, तर दुसरी शिसे व प्राणवायू यांच्या संयुगाची असते. वीज खर्च होताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि अम्ल पातळ होत जाते. बॅटरी भरताना याच्या उलट क्रिया घडते. म्हणजे प्रत्येक वेळी पट्टीचा काही भाग मोडतो आणि पुन्हा घडतो. घराची भिंत रोज पाडून रोज बांधावी, तसाच हा प्रकार आहे. साहजिकच दर वेळी थोडी माती झडते. त्यात बॅटरी पुष्कळ दिवस रिकामी राहिली, तर ते सल्फेट पट्ट्यांवर घट्ट धरते आणि कणगीचे तोंडच बुजते. म्हणून शिशाची बॅटरी वारंवार अर्ध्याखाली उतरू देऊ नये, असे जाणते सांगतात. शिवाय भरताना तिच्यातील थोड्या पाण्याचे वायू होऊन निघून जातात. त्यांतील हायड्रोजन पेट घेणारा असल्यामुळे बॅटरी हवेशीर जागी ठेवावी लागते, आणि साध्या इन्व्हर्टर-बॅटरीत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते.

इतके दोष असूनही या शिशाच्या सेवकाने दीडशे वर्षांहून अधिक काळ इमानाने चाकरी केली. तो स्वस्त आहे. क्षणभर फार मोठा प्रवाह देण्याची शक्ती त्याच्या अंगी आहे. म्हणून मोटारगाडीचे इंजिन सुरू करण्यास आजही बहुधा तोच लागतो. तरीपण घराघरांतील इन्व्हर्टरशेजारी आता एक नवा सोबती येऊन बसू लागला आहे. त्याचे नाव लिथियम.

लिथियम हा सर्व धातूंत हलका धातू होय. १८१७ मध्ये स्वीडनमधील आर्फवेडसन या रसायनशास्त्रज्ञाला तो एका खनिजात आढळला, आणि दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. शिसे पाण्याच्या अकरा पटींहूनही जड, तर लिथियम पाण्याच्या जवळजवळ निम्मेच जड! त्याचा उपयोग करून वीज साठवण्यासाठी अनेकांनी परिश्रम केले. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो या तिघांना त्याबद्दल २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ यांचे वय ९७ वर्षांचे होते. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांत इतके वयोवृद्ध दुसरे कोणीही नाही. याच गुडइनफ यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत अक्षय पाढी व नंजुंडस्वामी या भारतीय संशोधकांनीही काम केले. लिथियम, लोह व फॉस्फेट यांच्या संयुगाचा घटात कसा उपयोग होतो, ते या मंडळींनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. इन्व्हर्टरसाठी आज जी लिथियम बॅटरी बहुधा वापरतात, ती याच संयुगाची असते.

या घटाचे काम कसे चालते, हे शेलारच्या मुलांना समजण्यास मुळीच कठीण नाही. मागावर धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे आणि तेथून पुन्हा या टोकाकडे धावत असतो. धोटा धावतो, माग मात्र जागच्या जागी उभा असतो. लिथियमच्या घटातही असेच घडते. लिथियमचे विद्युत्‌भारित कण एका पट्टीच्या थरांतून निघतात आणि दुसऱ्या पट्टीच्या थरांत जाऊन बसतात. बॅटरी भरताना ते एका दिशेने जातात, वीज खर्च होताना परत येतात. पट्ट्यांची मूळ घडण फारशी मोडत नाही. कण तेवढे ये-जा करतात. त्यामुळे चांगल्या प्रतीची अशी बॅटरी दोन हजारांहून अधिक वेळा भरता व रिती करता येते. शिशाची बॅटरी खोलवर रिती केली, तर ती त्याच्या कितीतरी आधी थकते.

आता थोडा हिशेब पाहावा. शिशाची बारा व्होल्टची व १५० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली, तर १२ × १५० म्हणजे १८०० वॅट-तास वीज तिच्यात मावते. परंतु तिच्यातील निम्मीच वापरणे हिताचे, म्हणजे हाती आली ९०० वॅट-तास. लिथियमची १०० अँपिअर-तासांची बॅटरी १२.८ व्होल्टची असते. तिच्यात १२८० वॅट-तास मावतात, आणि त्यांतील चार-पंचमांश निर्धास्तपणे वापरता येतात. म्हणजे हाती येतात १०२४ वॅट-तास. कणगी लहान, पण दाणे अधिक! दोन पंखे व तीन दिवे मिळून १८० वॅट घेत असतील, तर पहिली बॅटरी त्यांना पाच तास पुरेल, दुसरी साडेपाच तासांहून थोडी अधिक. इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात दोन्ही वेळा थोड्या कमीच भरतील. पहिली उचलण्यास दोन माणसे हवीत, कारण तिचे वजन पन्नास किलोंहून अधिक असते. दुसरी बारा-तेरा किलोंच्या आसपास भरते. ती लवकर भरते, आणि तिला पाणी घालावे लागत नाही. मात्र यंत्रमाग चालवण्याची आशा दोहोंपैकी कोणाकडूनही धरू नये. एक अश्वशक्तीची मोटर अशी कणगी सव्वा-दीड तासातच रिती करील.

मग जुनी बॅटरी उचलावी आणि तिच्या जागी नवी ठेवावी, झाले काम, असे कोणास वाटेल. परंतु तसे नाही. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो, आणि नव्या सोबत्याचा स्वभाव जाणून घेतल्यावाचून त्याला कामाला जुंपणे धोक्याचे असते. शिशाच्या बॅटरीला भरताना अधूनमधून थोडा जास्त दाब दिला, तर तिच्या पट्ट्यांवर साचलेले सल्फेट सुटण्यास मदत होते. म्हणून कित्येक इन्व्हर्टर तशी योजना करूनच बनवलेले असतात. लिथियमला मात्र हा जादा दाब सोसत नाही. तिच्या एका घटाला ३.६५ व्होल्टपेक्षा अधिक दाब देऊ नये. चार घटांच्या बॅटरीची ही मर्यादा १४.६ व्होल्ट होते. ही मर्यादा पाळली जाते की नाही, यावर पहारा ठेवणारे एक छोटे रक्षक-मंडल चांगल्या बॅटरीच्या पोटात असते. एखादा घट फार भरला, फार रिता झाला किंवा फार तापला, की ते बॅटरीचा संबंध तोडून टाकते.

म्हणून बदल करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. इन्व्हर्टर लिथियमच्या बॅटरीस योग्य आहे काय? नव्या बॅटरीत रक्षक-मंडल आहे काय? आणि जोडणी करणारा माणूस जाणकार आहे काय? जुनी शिशाची व नवी लिथियमची बॅटरी एकत्र जोडणे तर सर्वथा टाळावे. लोह-फॉस्फेटची बॅटरी तिच्या इतर भावंडांपेक्षा शांत स्वभावाची असली, तरी ठेचलेली, फुगलेली किंवा निकृष्ट बॅटरी आग लावू शकते. शिवाय तिची किंमत आरंभी जास्त पडते. जेथे वीज रोज जाते, तेथे ती किंमत दीर्घ आयुष्याने भरून निघते. जेथे वीज वर्षातून चारदा जाते, तेथे घाई करण्याचे कारण नाही.

नवी बॅटरी आली, दिवे लागले, सर्वांना आनंद झाला. पण दाराबाहेर काढून ठेवलेल्या जुन्या बॅटरीचे काय? सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे. तिच्यात कित्येक किलो शिसे आणि दाहक अम्ल असते. हे शिसे वितळवून पुन्हा नव्या बॅटरीसाठी वापरता येते, म्हणून भंगारातही तिला चांगला भाव मिळतो. याच लोभाने कोठे कोठे उघड्यावर बॅटऱ्या फोडतात, अम्ल गटारात ओततात आणि चुलाणावर शिसे वितळवतात. त्याचा धूर व धूळ मातीत, पाण्यात आणि श्वासात मिसळते. शिसे हे विष आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कडू लागत नाही. पण वाढत्या मुलांच्या मेंदूला ते कायमची इजा करते. शिशाचे अमुक एक प्रमाण निर्धोक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण घातक आहे, असा अंदाज युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केला, आणि बॅटऱ्या अशा रीतीने फोडणे हे त्याचे एक प्रमुख कारण सांगितले.

हा धोका टाळणे अवघड नाही. भारत सरकारने २०२२ मध्ये केलेल्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा योग्य पुनर्वापर करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. हे नियम शिशाच्या बॅटरीला लागू आहेत, तसे लिथियमच्या बॅटरीलाही. घरच्या माणसांनी एवढेच करावयाचे, की जुनी बॅटरी न फोडता, न उलटता, नवी देणाऱ्या दुकानदाराकडे किंवा अधिकृत केंद्राकडे सोपवावी. फेरीवाल्याने चार पैसे अधिक देऊ केले, तरी मोहात पडू नये. त्या चार पैशांची किंमत कोठल्या तरी अंगणात खेळणारे मूल फेडत असते.

अशा रीतीने एका लहानशा बदलात केवढा विचार दडलेला आहे! पावसाळी रात्री शेलारमध्ये मागांचा खडखडाट थांबेल, आणि पुन्हा एखाद्या खिडकीत दिवा लागेल. तो दिवा शिशाने लावला की लिथियमने, हे बाहेरून कळणार नाही. परंतु त्याच्या उजेडासाठी नदीचे पाणी नासले नाही आणि शेजारचे मूल आजारी पडले नाही, तरच तो खरा उजेड होय.

अभ्यास

१. वीज गेल्याचे शेलारच्या लोकांना प्रथम कशावरून कळते?
२. बॅटरीला विजेची कणगी का म्हटले आहे?
३. लिथियमच्या घटाचे काम धोट्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. शिशाच्या बॅटरीचे दोन गुण व दोन दोष सांगा.
५. बॅटरी बदलण्यापूर्वी कोणत्या तीन गोष्टी पाहाव्यात? का?
६. तुमच्या घरी किंवा शाळेत इन्व्हर्टर असल्यास त्याची बॅटरी कोणत्या प्रकारची आहे, ती किती अँपिअर-तासांची आहे व जुनी बॅटरी कोणाला दिली, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.