चेर्नोबिलची मुले आणि औषधांचे दान

कोठे मोठी आपत्ती कोसळल्याची वार्ता आली, की चोहोंकडून पैसे, कपडे व औषधे यांचा ओघ सुरू होतो. ही भावना निःसंशय थोर आहे. परंतु औषध म्हणजे धान्य नव्हे. ते कोणास, केव्हा आणि किती काळ हवे, हे जाणल्यावाचून पाठविलेले औषध व्यर्थ जाते. ह्याचे चेर्नोबिलइतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

26 एप्रिल 1986 रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, त्या वेळच्या सोव्हिएट संघातील युक्रेनमध्ये चेर्नोबिल वीजकेंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. शेजारच्या प्रिप्यात नगरातील सुमारे 49 हजार रहिवाशांस दुसऱ्या दिवशी दुपारी बसगाड्यांतून हलविण्यात आले. वाऱ्याबरोबर जी द्रव्ये दूरवर गेली, त्यांत मुलांना विशेष घातक ठरले ते किरणोत्सर्गी आयोडीन. ते बेलारूस, युक्रेन आणि रशिया येथील कुरणांवर पडले. ते गवत गाईंनी खाल्ले आणि त्या गाईंचे दूध मुले प्यायली.

आपल्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. तिलाच व्यवहारात थायरॉईड म्हणतात. तिला आयोडीन लागते, म्हणून तर आपल्या मिठात ते मिसळलेले असते. मात्र साधे आयोडीन कोणते आणि किरणोत्सर्गी कोणते, हा भेद तिला कळत नाही. मुलांची ग्रंथी लहान, आणि त्यांच्या आहारात दूध अधिक. त्यातच त्या प्रदेशांतील पुष्कळ ठिकाणी जमिनीत मुळातच आयोडीन कमी. त्यामुळे भुकेल्या ग्रंथींनी आलेले आयोडीन अधिकच शोषून घेतले.

ह्यावर उपाय सोपा आहे. साध्या आयोडीनची मात्रा आधीच दिली, तर ग्रंथी भरून जाते व घातक आयोडीनला जागा उरत नाही. परंतु ती मात्रा धोका पोचण्याच्या थोडी आधी, किंवा फार तर नंतरच्या काही तासांत मिळावी लागते. पोलंडने 29 एप्रिलपासून थोड्याच दिवसांत एक कोटीहून अधिक मुलांना ती पाजली. खुद्द सोव्हिएट सरकारने अपघाताची जाहीर वार्ता दिली ती 28 तारखेच्या रात्री, आणि तीही मोजक्या वाक्यांत! अनेक खेड्यांतील मुलांना मात्रा वेळेवर मिळाली नाही आणि त्यांचे दूधही थांबले नाही. आता थोडे गणित करू. हे आयोडीन दर 8 दिवसांनी निम्मे होते. म्हणजे 80 दिवसांत ते दहा वेळा निम्मे होऊन मूळच्या 1024 व्या हिश्श्यावर येते. त्या जुलैच्या मध्यानंतर कोणी आयोडीनच्या गोळ्यांची जहाजे भरून पाठविली असती, तरी झालेली हानी त्यांनी भरून निघाली नसती.

न मागता आलेल्या औषधांची गत काय होते, हे पुढे त्याच संघातील आर्मेनियात दिसले. 1988 च्या भूकंपानंतर तेथे सुमारे 5,000 टन औषधे व वैद्यकीय सामग्री येऊन पडली. काय काय आले आहे हे नीट उमगण्यास 50 माणसांना सहा महिने लागले. शिवाय 8 टक्के औषधांची मुदत पोचतानाच संपलेली होती. 1996 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम घालून दिले: गरज विचारून औषध द्यावे, पोचल्यावर त्याची निदान एक वर्षाची मुदत उरलेली असावी, वेष्टनावरील मजकूर तेथील वैद्यांना वाचता यावा, आणि घरोघरची उरलेली औषधे पाठवू नयेत. शेवटचा नियम वाचून आम्ही मनातल्या मनात वरमलो, हे कबूल केले पाहिजे.

चेर्नोबिलच्या मुलांचा रोग पुढे आला तो काही वर्षांनी. 1990 च्या सुमारास बेलारूसमध्ये, विशेषतः गोमेल प्रांतात, मुलांच्या अवटू ग्रंथीचे कर्करोग वाढू लागले. त्या वेळी खरी गरज होती ती रोग लवकर ओळखण्याच्या साधनांची. जपानमधील सासाकावा प्रतिष्ठानने 1991 ते 1996 या काळात पाच केंद्रांना सोनोग्राफीची व रक्ततपासणीची यंत्रे बसविलेल्या गाड्या दिल्या आणि तेथील डॉक्टरांस शिकविले. दीड लाखाच्या आसपास मुले तपासली गेली. त्या कामात हिरोशिमा आणि नागासाकी येथील वैद्य होते. ही विद्या त्यांना कोणत्या किमतीस मिळाली होती, हे निराळे सांगावयास नको. बेलारूसमधील ज्या मुलांचा रोग पसरला होता, त्यांपैकी कित्येकांवर जर्मनीत उपचार झाले, आणि तेही त्याच किरणोत्सर्गी आयोडीनने! गळ्यात उरलेल्या रोगट पेशी ते आपणहून शोषून घेतात व नष्ट होतात.

2005 पर्यंत, अपघाताच्या वेळी बालवयात वा कुमारवयात असलेल्यांपैकी सहा हजारांहून अधिक जणांत हा कर्करोग आढळला. त्याने दगावल्याची नोंद मात्र 15 जणांचीच आहे. बाकीचे पुष्कळ वाचले ते वेळीच झालेल्या निदानाने व शस्त्रक्रियेने. परंतु ज्याची ग्रंथी काढली, त्याच्या शरीरात तिचा स्राव पुन्हा निर्माण होत नाही. त्यास थायरॉक्सिनची लहानशी गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, जन्मभर घ्यावी लागते. गोळी स्वस्त आहे. पण पाठविणाऱ्याचा उत्साह एका वर्षात ओसरला, तर दुसऱ्या वर्षी ती कोठून यावी? 1986 साली दूध पिणारी ती मुले आज चाळिशी ओलांडलेली माणसे आहेत, आणि त्यांतील अनेकांची सकाळ आजही त्या गोळीने सुरू होते.