कामगाराचे म्हणणे ऐकावे कसे?



एरवी आपण बेणे, खत आणि पाण्याविषयी बोलतो. या वेळी विषय माणसांचा आहे. कारखाना यंत्रांवर चालतो, तसा माणसांवरही चालतो. त्या माणसांना आपल्या कामाविषयी आणि वरिष्ठांविषयी काय वाटते, हे जाणून घेण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. तो समजून घेऊ.

शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे टेलिफोनचे साहित्य तयार होई. सुमारे ४०,००० माणसे कामाला होती. १९२४ पासून तिथे उजेड कमी-जास्त करून आणि पुढे विश्रांतीच्या वेळा बदलून उत्पादनावर काय परिणाम होतो, ते पाहिले गेले. पण नुसत्या उजेडाने वा सुट्टीने सगळा उलगडा होईना. तेव्हा १९२८ मध्ये ठरले, कामगारांनाच विचारायचे. दोन-अडीच वर्षांत सुमारे २१,००० जणांच्या मुलाखती झाल्या.

आधी प्रश्नांची यादी होती. साहेब कसा आहे? काम कसे वाटते? सोयी कशा आहेत? पण कामगार यादी सोडून आपल्याच मनातले बोलू लागले. मग पद्धत बदलली. विचारणाऱ्याने वाद घालायचा नाही, उपदेश करायचा नाही, फक्त ऐकायचे. अर्ध्या तासाची मुलाखत तास-दीड तास चालू लागली.

यातून दोन गोष्टी कळल्या. धूर, उष्णता, कपाटे यांच्या तक्रारी जागेवर जाऊन तपासता येतात आणि दुरुस्तही करता येतात. पण साहेबाविषयीची किंवा पगाराविषयीची तक्रार तशी तपासता येत नाही. तिच्यामागे कधी झालेला अपमान असतो, कधी घरची काळजी. कामगारांची नावे वगळून ही माहिती वरिष्ठांच्या प्रशिक्षणात वापरली गेली.

मात्र १९३१-३२ मध्ये १४ कामगारांच्या एका खोलीत वेगळेच दिसले. रोज किती काम करायचे, हे त्यांनी आपसात ठरवून टाकले होते. जास्त केले तर दर कमी होईल किंवा माणसे कमी करतील, ही धास्ती. पुढे मंदीत हजारोंच्या नोकऱ्या गेल्याच. म्हणजे नुसते ऐकून घेतल्याने पोटाची चिंता मिटत नाही.

आता आपल्याकडचे सांगतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका फडात टोळीने कोयते खाली ठेवले. शेतकरी म्हणाला, "पैशासाठी अडून बसलेत." मी मुकादमाला बाजूला घेऊन विचारले. तो म्हणाला, "साहेब, पैशाचं मागनं बघू. बायकांना विहिरीवर पाणी भरू देईनात." शेतकऱ्याने मोटार चालू करून दिली आणि तासाभरात तोड सुरू झाली. मी आधी विचारले नसते, तर पैशाच्याच घासाघिशीत दिवस गेला असता.

ध्यानात ठेवण्यासारखे :

१. तक्रार ऐकताना मधे बोलू नये.
२. सांगणाऱ्याचे नाव वरिष्ठापर्यंत जाऊ देऊ नये, नाहीतर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.
३. जे दुरुस्त होण्यासारखे आहे, ते लगेच करावे. जे होणार नाही, ते स्पष्ट सांगावे.

आपण ऊस देणारे आहोत, तसे या कारखान्याचे मालकही आहोत. गाळप हंगामात काट्यावर, गव्हाणीत आणि फडात राबणाऱ्यांशी बोलताना एवढे जरूर लक्षात ठेवावे.

– ऊस विकास अधिकारी