मोटार थरथरते ती कां?

सुटीच्या दिवशीं घरच्या मोटारीचें चाक काढून ब्रेकची डिस्क किंवा सस्पेंशनचा एखादा भाग स्वतःच बदलण्याचा उद्योग कित्येक पालक हौसेनें करतात, व मुलें पाना घेऊन शेजारीं बसतात. काम संपतें, गाडी रस्त्यावर येते, आणि पूर्वीं कधीं नव्हती अशी थरथर सुरू होते. अशा वेळीं एकामागून एक नवे भाग विकत आणणें ही आमच्या मतें निव्वळ उधळपट्टी होय. कंप केव्हां होतो व कोठें जाणवतो, हें आधीं पाहावें.

मंद गतींतच चाक डुगडुगत असेल, तर पुढें जाऊंच नये. नट ढिले असण्याचा संभव आहे, आणि असें चाक धांवतां धांवतां निखळूं शकतें.

ताशीं ८०-९० किलोमीटरच्या सुमारास कंप उठत असेल, तर बहुधा चाकाचा तोल बिघडलेला असतो. येथें थोडें गणित करूं. रिमच्या कडेचें ३० ग्रॅमचें वजन गळून पडलें आहे असें समजा. टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर व रिमची १९ धरा. ताशीं ९० किलोमीटर वेगास चाक सेकंदाला सुमारें १३ फेरे घेतें, आणि त्या ३० ग्रॅमच्या उणिवेनें सुमारें ४० न्यूटन, म्हणजे ४ किलोग्रॅमच्या भाराइतकी केंद्रोत्सारी प्रेरणा उत्पन्न होते. वेग निम्मा केला कीं ती चतुर्थांश होते. म्हणूनच गल्लींत गाडी शहाण्यासारखी वागते! स्टिअरिंग थरथरल्यास दोष बहुधा पुढच्या चाकांत, आसन थरथरल्यास मागच्या. पुढचीं चाकें मागें घालून पाहावीं. कंपानें जागा बदलली, तर दोष चाकाचाच.

ब्रेक दाबतांच कंप होत असेल, तर डिस्क वाकडी दिली म्हणून दुकानदाराशीं भांडण्यापूर्वीं हबचें तोंड पाहावें. तेथील गंजाचा पापुद्रा खरवडला नसेल, तर नवी डिस्कही तिरकी बसते. नट एका बाजूनें ओळीनें आवळले तरी तोच परिणाम होतो. ते समोरासमोरचे आलटूनपालटून, गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जोरानेंच आवळावे.

अलाइनमेंट बिघडल्यानें गाडी एका बाजूस ओढते व टायर झिजतात. थरथरीचें कारण तें क्वचितच असतें.

रबरी बुशांची गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. गाडी अधांतरीं असतांना त्यांचे बोल्ट पूर्ण आवळले, तर चाकें जमिनीस टेकतांच रबर पिळलें जातें व लौकर फाटतें. यास्तव चाकांवर भार आल्यावरच ते शेवटचे आवळावे, आणि ५०-१०० किलोमीटर चालविल्यावर चाकांचे नट पुनः एकदां तपासावे.