धन्याने आपला कारखाना ओळखावा

आपल्या जमिनीचा कोणता तुकडा चोपण, कोणता पाणथळ व कोणता मुरमाड, हे जाणत्या शेतकऱ्यास दुसऱ्याने सांगावे लागत नाही. परंतु हाच शेतकरी सहकारी साखर कारखान्याचा संचालक म्हणून निवडून आला, म्हणजे पुढे आलेल्या ताळेबंदावर सही करणे एवढेच आपले काम, असे त्यास वाटू लागते. हा समज घातक आहे, असे आमचे नम्र मत आहे.

लोखंडी नांगराशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्यांनी शिक्षकाचे काम केले. पुढे बेळगावी सायकलींचे दुकान चालविले. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने तो कोणी घेईना. तथापि यंत्राचा आराखडा व गिऱ्हाइकाची शंका, दोन्हीही या धन्यास ठाऊक होती. सबब धंदा टिकला, व १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

यावर कोणी म्हणेल, ते कारागीर होते, आम्ही पडलो शेतकरी. कारखान्यात इंजिनियर व केमिस्ट पगार घेतात ते कशासाठी? आक्षेप रास्त आहे. संचालकाने यंत्राचा पेच फिरवावा असे आमचे म्हणणे नाही. मात्र आपली साखर कोठे गळते, हे त्यास ठाऊक पाहिजे.

ऊस तुटल्यावर जितका पडून राहील, तितके त्याचे वजन घटते व त्यातील साखर मोडून दाणा न धरणारी होते. मोळीबरोबर पाचट व माती आली, म्हणजे उतारा आणखी खाली येतो. चरकात चिपाडावर पाणी बेताचे सोडले नाही, तर साखर चिपाडातच राहून बॉयलरमध्ये जळते. रस शुद्ध करताना काही अंश प्रेसमडबरोबर जातो, व उरलेला काही शेवटी मळीबरोबर. यांपैकी थोडे नुकसान अटळ आहे; परंतु ते किती, हे रोज पाहिले पाहिजे.

हिशेबासाठी असे धरू की, कारखाना रोज ५,००० टन ऊस गाळतो. उतारा अवघा अर्धा टक्का घसरला, तर रोज २५ टन, म्हणजे २५० क्विंटल साखर कमी पडते. १२० दिवसांच्या हंगामात हा तोटा ३०,००० क्विंटल होतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशीच बांधलेला असल्यामुळे त्याचा फटका अखेर सभासदाच्या पदरी येतो. ताळेबंद हे वर्ष सरल्यावर सांगतो. गव्हाण व प्रयोगशाळा त्याच दिवशी सांगते.

आमची हयात महसुली दप्तरात गेली. चावडीत बसून लिहिलेल्या पीकपाहणीच्या एका तक्त्याची बेरीज आम्हीही एके वर्षी बिनचूक करून वर पाठविली. पुढे असे निघाले की, जेथे ज्वारी लिहिली होती तेथे ऊस उभा होता, व त्यापायी एका खातेदाराचे पीककर्ज अडून राहिले. बेरीज बरोबर होती, हकीकत खोटी होती. तेव्हापासून बांधावर गेल्यावाचून केलेल्या सहीचे आम्हांस भय वाटते.

मात्र जाणणे निराळे व ढवळाढवळ करणे निराळे. फिटरला परभारे हुकूम सोडणारा किंवा आपल्या नातलगास कामावर चिकटविणारा संचालक कारखाना ओळखतो असे नव्हे. ज्यास काम समजते, तो नेमका प्रश्न विचारतो व उत्तर देण्याची जबाबदारी ज्याची त्याच्याकडे ठेवतो.

यास्तव नव्या संचालकाने पहिल्या हंगामात वजनकाट्यापासून साखरेच्या गोदामापर्यंत वारंवार पायी फिरावे, व तीन गोष्टी विचाराव्या. तुटलेला ऊस किती तासांनी गव्हाणीत पडतो? काल गाळप किती वेळ व कशामुळे थांबले? चिपाडात साखर किती राहिली? सभासद बंधूंनीही पुढील निवडणुकीत मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास हेच तीन प्रश्न घालावे. ज्यास उत्तर देता येईल, त्याच्या हाती आपला ऊस सोपवावा.