पाळी कमी जाते तेव्हा : समज, गैरसमज आणि वैद्यकीय सल्ला

प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या स्त्रियांच्या तोंडून एक तक्रार वारंवार ऐकू येते : “अंगावरून नीट जात नाही, आतले रक्त आतच साचते.” या तक्रारीत एक खरी शंका असते आणि एक चुकीची समजूतही असते. या दोहोंची फारकत करता आली, तर अनेक स्त्रियांच्या जिवाचा घोर कमी होईल आणि ज्यांना उपचारांची खरोखर गरज आहे, त्या वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोचतील.

रक्त साचते काय?

बीजकोशांतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे गर्भाशयाचे आतील अस्तर दर महिन्यास जाड होते. गर्भधारणा न झाल्यास या संप्रेरकांचे प्रमाण उतरते आणि ते अस्तर रक्तासह बाहेर पडते. अस्तर मुळातच पातळ तयार झाले, तर स्रावही कमी होतो. तो सर्वसाधारणतः ‘अडलेला’ नसतो आणि पाळीचे रक्त ‘घाण’ही नसते. पाळी कमी गेल्याने अंगातील रक्त कमी होत नाही. उलट अतिरिक्त स्रावानेच रक्तक्षय बळावतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

स्वाभाविक काय?

दोन पाळ्यांमधील अंतर २४ ते ३८ दिवसांचे आणि स्राव आठ दिवसांपर्यंत असणे हे सामान्य समजले जाते. स्रावाचे प्रमाण स्त्रीगणिक वेगळे असते. जिची पाळी पहिल्यापासून दोन-तीन दिवसच, परंतु नियमित जाते, तिला बहुधा काही आजार नसतो. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे, बाळ अंगावर पीत असतानाचा काळ आणि पाळी जाण्यापूर्वीची वर्षे यांत कमी-अधिकपणा येतोच.

संततिनियमनाच्या गोळ्या, संप्रेरकयुक्त तांबी किंवा ‘अंतरा’ इंजेक्शन यांमुळेही अस्तर पातळ राहते व पाळी कमी होते किंवा थांबते. हा त्या साधनांचा अपेक्षित परिणाम होय. ‘रक्त साचेल’ या भीतीने साधन मध्येच सोडल्यास नको असलेली गर्भधारणा मात्र पदरी येते.

कारणांचा शोध

नेहमीची पाळी एकाएकी कमी झाली, तर प्रथम गर्भधारणेची शक्यता पडताळावी. पुष्कळदा जी ‘थोडी पाळी’ वाटते, तो गर्भारपणातील रक्तस्राव असतो. आशा स्वयंसेविकेकडे मिळणाऱ्या साधनाने लघवीची तपासणी काही मिनिटांत होते. ती करण्यापूर्वी पाळी आणण्यासाठी काढे किंवा दुकानातील गोळ्या घेणे धोक्याचे आहे. गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत वाढत असेल, तर अशा दिरंगाईने प्राणावर बेतू शकते.

इतर कारणांत अपुरा आहार, वजनातील मोठी घट, अतिश्रम, मानसिक ताण, थायरॉइड ग्रंथीचे विकार आणि बीजकोशांचा पीसीओएस हा विकार यांचा समावेश होतो. गर्भपातानंतर किंवा गर्भाशय साफ केल्यानंतर आत चिकटपणा येणे, बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन पोषग्रंथीस इजा पोचणे आणि जननेंद्रियांचा क्षयरोग हीदेखील कारणे आहेत. क्षयरोगाचा विचार आपल्या देशात विशेषत्वाने करावा लागतो. तो मूल न होण्यामागील एक कारण असून औषधांनी बरा होतो. परंतु निदानास उशीर झाल्यास गर्भनलिकांची हानी भरून येत नाही.

सल्ला केव्हा घ्यावा?

पुढील परिस्थितीत डॉक्टरांना दाखवावे :

१. नेहमीची पाळी सलग तीन महिने कमी जात असल्यास किंवा तीन महिने न आल्यास.

२. गर्भपात, गर्भाशयाची सफाई अथवा रक्तस्रावी बाळंतपणानंतर पाळी कमी झाल्यास.

३. मूल होत नसल्यास, स्तनातून अकारण दूध येत असल्यास, चेहऱ्यावर केस वाढल्यास किंवा वजनात मोठा फरक पडल्यास.

४. मुलीस १५ वर्षांपर्यंत पाळी न आल्यास, किंवा पाळी न येता दरमहा ओटीपोटात दुखत असल्यास. मार्गातील जन्मजात अडथळ्यामुळे रक्त खरोखरच साचते, ते अशा अपवादात्मक प्रसंगी.

पाळी चुकल्यानंतर थोडा रक्तस्राव, ओटीपोटात तीव्र वेदना व भोवळ ही लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आपले कर्तव्य

शिक्षिकांनी मुलींना पाळीची तारीख व दिवस वहीत नोंदविण्याची सवय लावावी. ही नोंद डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते. पंचायत सदस्यांनी ग्राम आरोग्य समितीच्या सभेत हा विषय संकोच न बाळगता मांडावा. उपकेंद्रात स्त्रियांना आडोशाने बोलता येईल अशी जागा आहे काय, हेही त्यांनी पाहावे. बोलावयास जागा नसली, की दुखणे अंगावर काढले जाते. आणि अंगावर काढलेल्या दुखण्याची किंमत अखेर सबंध कुटुंबास मोजावी लागते.